निळ्या बाळांच्या डॉक्टर हेलन टॉसिग

जन्मले तेव्हा बाळ चांगले गुलाबी होते. रडलेही खणखणीत. डॉक्टरांनी, परिचारिकांनी, घरच्या मंडळींनी ते डोळ्यांनी पाहिले. आणि मग दोन-चार दिवसांतच दूध ओढताना त्याला धाप लागू लागली, ओठांभोवती निळसर छटा उमटली, नखे जांभळी पडली. अशा बाळाच्या आईबापांना पडणारे प्रश्न सर्व देशांत सारखेच असतात. चांगले जन्मलेले मूल अचानक असे का झाले? आमच्या हातून काय चुकले? आपल्याकडे तर ग्रहण पाळले होते का, इथपासून आईची चौकशी सुरू होते. मोठ्या रुग्णालयांत लहान मुलांच्या 'इको' तपासणीच्या खोलीबाहेर तासभर बसले, तरी हे संवाद कानावर पडतात. बातमीच्या निमित्ताने तिथे बसण्याची वेळ प्रस्तुत प्रतिनिधीवर अनेकदा आली आहे.

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका महिला डॉक्टरला उपचाराची वाट सापडली. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरामागे ती आयुष्याच्या अखेरपर्यंत होती. डॉ. हेलन ब्रूक टॉसिग हे तिचे नाव. लहान मुलांच्या हृदयविकाराचे शास्त्र ज्यांच्यामुळे स्वतंत्र शाखा म्हणून उभे राहिले, त्यांत टॉसिग यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

हेलन यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे झाला. वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठातील नामवंत अर्थशास्त्रज्ञ. आई एडिथ या स्त्रियांसाठीच्या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. घर सुशिक्षित आणि सुस्थितीतले; पण बालपण सुखाचे गेले असे म्हणता येणार नाही. हेलन अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. त्यांना स्वतःलाही त्या रोगाने गाठले आणि शाळेची वर्षे विस्कळीत झाली. त्यातच अक्षरे आणि आकडे ओळखण्यात त्यांना विलक्षण अडचण येई. आज आपण त्याला 'डिस्लेक्सिया' म्हणतो. तेव्हा असे मूल सरळ 'ढ' ठरत असे. वडिलांनी मात्र धीर सोडला नाही. हार्वर्डचा हा प्राध्यापक मुलीला जवळ बसवून वाचायला शिकवत राहिला.

रॅडक्लिफमध्ये दोन वर्षे काढून त्या कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात गेल्या आणि १९२१ मध्ये पदवीधर झाल्या. डॉक्टर व्हायचे ठरले होते. परंतु हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाची दारे स्त्रियांना बंद होती. ती उघडायला १९४५ साल उजाडावे लागले. सार्वजनिक आरोग्याच्या नव्या विद्यालयात स्त्रियांनी वर्गात बसण्यास हरकत नव्हती, पदवी मात्र मिळणार नव्हती. हा तिढा हेलन यांच्या पचनी पडला नाही. काही विषय तिथे आणि काही बोस्टन विद्यापीठात शिकून त्या अखेर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. या संस्थेने स्थापनेपासून स्त्रियांना समान प्रवेश दिला होता. बोस्टनमध्ये शिकत असताना एका प्राध्यापकांनी त्यांच्या हाती बैलाचे हृदय ठेवून त्याच्या स्नायूंचा अभ्यास करण्यास सुचवले होते. हृदयाशी त्यांचा संबंध जुळला तो असा.

१९२७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. प्रौढांच्या औषधवैद्यक विभागात जागा न मिळाल्याने त्या बालरोग विभागात आल्या. १९३० मध्ये विभागप्रमुख डॉ. एडवर्ड्स पार्क यांनी हॉपकिन्सच्या 'हॅरिएट लेन होम' या बालरुग्णालयातील हृदयरोग बाह्यरुग्ण विभाग त्यांच्याकडे सोपवला. तेव्हा मुलांचा हृदयविकार म्हणजे मुख्यत्वे संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा. जन्मतःच सदोष असलेल्या हृदयाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे, कारण लक्ष देऊन करायचे काय, हाच प्रश्न होता. अशी मुले मरत, आणि त्यांचे हृदय शवविच्छेदनानंतर काचेच्या बरणीत जाई. डॉ. पार्क यांनी याच मुलांचा अभ्यास करण्याचा आग्रह धरला. ही जबाबदारी हेलन यांनी प्रथम काहीशा नाखुशीनेच स्वीकारली.

याच सुमारास नियतीने आणखी एक थट्टा केली. तिशीत असलेल्या टॉसिग यांचे ऐकणे झपाट्याने कमी होऊ लागले. हृदयरोगतज्ज्ञ आणि कान निकामी! ज्या काळात हृदयाच्या निदानाची सारी भिस्त स्टेथोस्कोपवर होती, त्या काळात हे संकट किती मोठे, याची कल्पना कोणत्याही डॉक्टरला येईल. त्यांनी आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप मिळवला, समोरच्याच्या ओठांच्या हालचाली वाचण्याची कला आत्मसात केली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळाच्या छातीवर हात ठेवून बोटांनी हृदय 'ऐकण्याची' सवय लावून घेतली. रक्ताच्या प्रवाहात अडथळा असला की जी थरथर उमटते, ती त्यांच्या बोटांना कळे. जोडीला फ्लुरोस्कोप होता. त्यात क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदय धडधडताना दिसते. मुलाला हळूहळू वळवत त्या हृदयाचा आकार निरनिराळ्या बाजूंनी न्याहाळत. कोणता दोष असला की सावलीचा आकार कसा बदलतो, याची टिपणे वर्षानुवर्षे साठत गेली.

या टिपणांतून जे उलगडले, ते समजण्यासाठी जन्मापूर्वीच्या हृदयाकडे वळावे लागते. आईच्या पोटातील बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे आलेल्या रक्तातून. फुप्फुसे मिटलेली असतात, त्यामुळे तिकडे फारसे रक्त पाठवण्याचे कारणच नसते. म्हणून निसर्गाने फुप्फुसाची धमनी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक आडवाट ठेवलेली असते. तिला 'डक्टस आर्टेरिओसस' म्हणतात. जन्मानंतर बाळ श्वास घेऊ लागले की ही वाट काही दिवसांत आपोआप बंद होते. निरोगी बाळाला तिची गरज उरलेली नसते.

परंतु काही बाळांच्या हृदयात फुप्फुसाकडे जाणारी मूळ वाटच अरुंद किंवा पूर्ण बंद असते. मार्सेचे फ्रेंच वैद्य फालो यांनी १८८८ मध्ये ज्या चार दोषांच्या समूहाचे तपशीलवार वर्णन केले, तो यातलाच: फुप्फुसाची वाट अरुंद, दोन खालच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, महारोहिणीचे मूळ जागचे सरकलेले आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. यात पुरेसे रक्त फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही आणि अशुद्ध रक्त छिद्रावाटे शरीरात मिसळते. मूल निळे पडते ते यामुळे. थोडे मोठे झालेले मूल चार पावले चालून दमते आणि उकिडवे बसते. तसे बसले की त्याला बरे वाटते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

टॉसिग यांच्या लक्षात आले ते असे, की यातली गंभीर बाळे डक्टस उघडा असेपर्यंत तग धरतात. तो बंद झाला की ती निळी पडतात आणि दगावतात. म्हणजे डक्टस ही त्यांची उलटी वाट होती. महारोहिणीतले रक्त तिच्यावाटे फुप्फुसात पोहोचत होते. जन्मले तेव्हा बाळ चांगले होते, हे आईबापांचे म्हणणे भ्रम नव्हता. त्या एका वाक्यात निदानही होते आणि उपचारही. निसर्गाने बंद केलेली वाट शल्यचिकित्सकाने पुन्हा तयार केली तर?

हा विचार ऐकून घेणारा शल्यचिकित्सक मात्र मिळेना. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये एका मुलीचा उघडा राहिलेला डक्टस यशस्वीपणे बांधून इतिहास घडवला होता. टॉसिग त्यांना जाऊन भेटल्या. पण जो डक्टस बंद करण्यात त्यांनी नाव कमावले, तो नव्याने बनवण्यात ग्रॉस यांना रस वाटला नाही. टॉसिग रिकाम्या हाताने बाल्टिमोरला परतल्या.

१९४१ मध्ये डॉ. अल्फ्रेड ब्लेलॉक हे शल्यविभागाचे प्रमुख म्हणून हॉपकिन्समध्ये आले. येताना त्यांनी नॅशव्हिलहून आपल्या प्रयोगशाळेतील सहायकाला, व्हिव्हियन थॉमस यांना, सोबत आणले. थॉमस कृष्णवर्णीय होते. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीच्या लाटेत बँकेबरोबर बुडाले होते. सुतारकाम येणारे त्यांचे हात प्रयोगशाळेत असामान्य ठरले; पण कागदोपत्री त्यांची नोंद झाडलोट करणाऱ्या कामगारांच्या श्रेणीत होती. टॉसिग यांनी या दोघांपुढे आपली कल्पना मांडली. नळजोडणी करणारा कारागीर जसा एक नळ दुसऱ्याला जोडतो, तसे रक्तवाहिन्यांच्या बाबतीत करता येणार नाही का, असा त्यांचा साधा सवाल होता. योगायोग असा की, हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याचा प्रयोग ब्लेलॉक आणि थॉमस यांनी नॅशव्हिलमध्ये वेगळ्याच हेतूने कुत्र्यांवर केला होता. तो हेतू साधला नव्हता. फसलेला प्रयोग असा कामी आला.

पुढे जवळपास दोन वर्षे थॉमस सुमारे दोनशे कुत्र्यांवर हे तंत्र घोटत राहिले. त्यातली ॲना नावाची कुत्री दीर्घकाळ जगली आणि पुढे तिचे चित्र हॉपकिन्सच्या भिंतीवर लागले.

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर पंधरा महिन्यांची एक मुलगी होती. वजन जेमतेम चार किलो, आपल्याकडील दोन-तीन महिन्यांच्या बाळाएवढे. तिच्या रक्तवाहिन्या काडीसारख्या बारीक. त्या मापाची हत्यारे बाजारात नव्हती. सुया तोडून, घासून थॉमस यांनी त्या तयार केल्या होत्या. शस्त्रक्रिया ब्लेलॉक यांनी केली. त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहून थॉमस टाका कोणत्या दिशेने घ्यावा ते सांगत होते, कारण हे टाके सर्वाधिक वेळा त्यांनीच घातले होते. टॉसिग टेबलाजवळ मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत उभ्या होत्या. मुलगी वाचली, काही दिवसांनी तिचा रंगही सुधारला. आईबापांना ती घरी नेता आली. पण हे यश टिकले नाही. काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडू लागली, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यातून ती उठली नाही. या शस्त्रक्रियेची कथा सांगताना हा शेवट अनेकदा गाळला जातो. तसे करू नये. त्या आईबापांनी जो धोका पत्करला, त्याच्या आधारावर पुढची मुले वाचली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चार पावलेही धड चालू न शकणारा. धमनीवरचे चिमटे सोडले आणि गडद जांभळे ओठ पाहता पाहता लालसर झाले. मे १९४५ मध्ये या तीन शस्त्रक्रियांचा वृत्तांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला, आणि देशोदेशींचे आईबाप निळी पडलेली मुले घेऊन बाल्टिमोरचा रस्ता धरू लागले. कित्येक जण वेळ न ठरवताच येऊन धडकत. काही वर्षांतच हॉपकिन्समधील शस्त्रक्रियांची संख्या हजारावर गेली. त्या निबंधावर दोन नावे होती: ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा उल्लेख नव्हता. पुढे शस्त्रक्रियेलाही याच दोघांचे नाव मिळाले. थॉमस यांना हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. आता जगभरातील अनेक डॉक्टर या शस्त्रक्रियेच्या नावात त्यांचेही नाव जोडतात.

मानाच्या वाटणीत टॉसिगही मागेच राहिल्या. ब्लेलॉक यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड १९४५ मध्ये झाली. टॉसिग यांना त्यासाठी १९७३ पर्यंत थांबावे लागले. हॉपकिन्समध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळाले तेव्हा १९५९ साल होते, आणि निवृत्तीला चार वर्षे उरली होती. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरे; पण ज्या शस्त्रक्रियेची कल्पना आपली होती तिच्यात थॉमस यांचा वाटा किती, हे त्या काळात त्यांनीही मोठ्याने सांगितल्याचे दिसत नाही, हेही तितकेच खरे. पुरस्कार पुढे पुष्कळ आले. १९५४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम', आणि १९६५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनचे अध्यक्षपद. या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला.

१९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला जन्मजात हृदयदोषांवरील त्यांचा ग्रंथ या शाखेचा पाया ठरला. शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांची रीघ लागली. पुढे 'पद्मविभूषण'ने सन्मानित झालेल्या आणि २०२० मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी निधन पावलेल्या दिल्लीच्या ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनीही उमेदीच्या काळात हॉपकिन्समध्ये टॉसिग यांच्याकडे धडे घेतले होते.

टॉसिग अविवाहित राहिल्या. स्वभाव करारी, शिस्त कडक. १९६३ मध्ये त्यांच्या निवृत्तीच्या वेळी जेमी वाइथ या तरुण चित्रकाराने काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र इतके उग्र वाटले की, सहकारी अवाक झाले आणि कित्येक वर्षे ते दृष्टिआडच राहिले. मुलांशी वागताना मात्र त्या निराळ्याच होत. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांशी त्यांनी वर्षानुवर्षे संपर्क ठेवला. ती मोठी होऊन शिकली, कामाला लागली, त्यांना मुले झाली, याची नोंद ठेवून त्यावर निबंध लिहिले. शस्त्रक्रिया पार पडली की काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही.

आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना आईच्या पोटातील बाळाचा प्रश्न पुन्हा एकदा त्यांच्यासमोर आला. जानेवारी १९६२ मध्ये त्यांच्या एका जर्मन शिष्याने त्यांना सांगितले की, जर्मनीत हातपाय खुंटलेल्या बालकांची जणू साथ आली आहे आणि संशय झोपेच्या एका औषधावर आहे. ते औषध थॅलिडोमाइड. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून ते दुकानात सहज मिळे आणि गरोदरपणातील मळमळीवरही दिले जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे ते मागे घेण्यात आले होते. टॉसिग तातडीने जर्मनीला गेल्या, रुग्णालयांतून मुले पाहिली, डॉक्टरांशी बोलल्या. गर्भधारणेनंतरच्या साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यांतील काही थोडे दिवस हाच घातवेळ होता. एवढ्या काळात आईने काही गोळ्या घेतल्या तरी पुरे. अनेक स्त्रियांना तेव्हा आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. त्याच दिवसांत गर्भाचे हृदयही घडत असते, आणि यातल्या काही मुलांची हृदयेही सदोष होती.

अमेरिकेत या औषधाची परवानगी अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून रोखून धरली होती. परतल्यावर टॉसिग यांनी लेख लिहिले, डॉक्टरांच्या सभांत त्या मुलांची छायाचित्रे दाखवली, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेचा औषधविषयक कायदा अधिक कडक झाला. जगभरात या औषधाने दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाली, असा अंदाज सांगितला जातो. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये, ही आज घरोघरी माहीत असलेली सूचना त्या घटनेनंतर अधिक ठामपणे दिली जाऊ लागली.

त्यानंतर काळ बराच पुढे आला आहे. हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांत हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष आढळतो. यातली कित्येक छिद्रे लहान असतात आणि आपोआप बुजतात, हे 'छिद्र' हा शब्द ऐकून गर्भगळित होणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवायला हवे. गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, साधारण १८ ते २२ आठवड्यांत करता येते. आईला मधुमेह असेल किंवा कुटुंबात असा दोष असेल तर डॉक्टर ती आवर्जून सुचवतात. डक्टस औषधाने काही काळ उघडा ठेवण्याची सोय १९७० च्या दशकाच्या मध्यास झाली, आणि टॉसिग यांचे निरीक्षण नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातील रोजचा उपचार बनले. फालोच्या दोषांची संपूर्ण दुरुस्ती डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्येच करून दाखवली होती. तरीही फार लहान बाळांना वेळ मिळवून देण्यासाठी टॉसिग यांची जोडवाट सुधारित रूपात आजही वापरात आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या तपासणीत जन्मजात हृदयविकाराचाही समावेश आहे. दूध पिताना बाळाला घाम फुटणे, धाप लागणे, वजन न वाढणे, ओठ-जीभ निळसर दिसणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. रडताना कधीतरी निळे होते, एवढ्यावर समाधान मानून घेणारे पालक आजही कमी नाहीत.

आमच्या हातून काय चुकले, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक वेळा डॉक्टरांनाही देता येत नाही. गरोदरपणातील रुबेला, अनियंत्रित मधुमेह, काही औषधे, गुणसूत्रांतील दोष अशी कारणे माहीत झाली; पण बहुसंख्य बाळांत ठोस कारण सापडत नाही. आईवडिलांचा त्यात काही दोष नसतो, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

सत्तरी ओलांडल्यावरही टॉसिग या कोड्यात गुंतलेल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर येथील निवासात राहायला गेल्यावर त्यांनी पक्ष्यांची हृदये तपासण्यास आरंभ केला. माणसात आढळणारे दोष पक्ष्यांतही आढळतात का, हे त्यांना पाहायचे होते. ते आढळत असतील, तर त्यांचे मूळ एखाद्या आईच्या गरोदरपणात नसून उत्क्रांतीच्या फार जुन्या वारशात असले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. पंचाऐंशी ओलांडलेली ही बाई सूक्ष्मदर्शकाखाली चिमण्या पाखरांची हृदये उलगडत बसे.

२० मे १९८६ रोजी, ८८ व्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, स्थानिक निवडणुकीत मतदानासाठी मैत्रिणींना गाडीतून नेत असता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. देह त्यांनी हॉपकिन्सला अभ्यासासाठी दिला होता. पक्ष्यांच्या हृदयांवरील संशोधनाचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.